तुम्ही विचारलंत म्हणून: काल हुर्यो, आज टाळ्या

“मॅडम, ते सगळं आधीच ठरलेलं असते म्हन्ता ना, मंग लोकं त्या बाईवर खरेखुरे काऊन चिडतेत? अन् दोन वर्सांनी तिलेच डोक्यावर काऊन घेतेत?”

शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच असतो. शाळेतल्या पोरी विचारतात, स्टाफरूममधले सर विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले मामा विचारतात. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात मी खेळाची शिक्षिका आहे. कबड्डी, खो-खो, गोळाफेक शिकवते आणि डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन नाट्यमय कुस्ती, शाळकरी वयापासून पाहते. दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं. आज सविस्तर लिहिते.

निकाल ठरलेला असतो हे खरं. कोण जिंकणार, विजेतेपदाचा पट्टा कोणाकडे जाणार, कोण कोणाला दगा देणार, हे लिहिणारी माणसं कंपनीत पगारावर असतात. समोर बसलेल्या हजारो लोकांनी माया कोणावर करायची, हे मात्र त्यांना लिहिता येत नाही. ते प्रयत्न करतात आणि पुष्कळदा तोंडावर आपटतात. बाई कुस्तीगिराच्या बाबतीत तर मी इतकी वर्षं एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहत आले आहे: लोकांचं मत उलटतं तेव्हा ती बाई फारशी बदललेली नसते. पाहणाऱ्यांना तिच्याकडून काय हवंय, ते बदललेलं असतं.

आमच्या भागात हे समजावणं तसं सोपं आहे, कारण आम्ही झाडीपट्टीची माणसं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत धान निघालं की मंडई (गावजत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि रात्री नाटक लागतं. वडसा, म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या हंगामभर गावोगाव फिरतात. लोक रात्री उशिरापासून उजाडेपर्यंत थंडीत चादरी पांघरून बसतात. खलनायकानं विधवेची शेती हडपली की पुढे बसलेल्या बाया त्याला मोठ्यानं शिव्या देतात. हा माणूस थोड्या वेळापूर्वी पडद्यामागे चहा पीत होता, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. शिव्या तरीही मनापासूनच्या असतात आणि रडणंही. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर आयुष्यभर उभं राहिल्याबद्दल. तेव्हा ठरलेल्या गोष्टीवर जीव लावणं म्हणजे काय, हे झाडीपट्टीच्या माणसाला मी काय सांगणार?

कुस्तीच्या भाषेत खलभूमिकेला ‘हील’ म्हणतात, सज्जनाला ‘बेबीफेस’ किंवा नुसतं ‘फेस’, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याला ‘टर्न’. नाटकाशी फरक एवढाच की नाटक पहाटे संपतं. कुस्तीतली बाई आठवड्यामागून आठवडे, दहा-दहा पंधरा-पंधरा वर्षं समोर येत राहते. तिची भूमिका, तिचं शरीर, तिचं लग्न, तिची दुखापत, तिचं वय हे सगळं एकमेकांत मिसळत जातं. लोक कशाकशाचा हिशेब तिच्या नावावर मांडतात, तो खरा विषय.

बेकी लिंचपासून सुरुवात करते, कारण आमच्या पोरींना तीच आधी माहीत असते. आयर्लंडची, केशरी केसांची. २०१५ च्या फेब्रुवारीत बायकांची एक लढत जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकून टाकली, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला की या बायकांना संधी द्या. त्याच वर्षी जुलैमध्ये बेकी, शार्लट फ्लेअर आणि साशा बँक्स अशा तिघी एकदम मुख्य कार्यक्रमात आल्या. शार्लटकडे बापाचं नाव होतं, साशाकडे रुबाब होता. बेकीनं २०१६ मध्ये स्मॅकडाउन या साप्ताहिक कार्यक्रमाचा पहिलावहिला महिला पट्टा जिंकला खरा, पण डिसेंबरात तो गेला आणि पुढे दीड वर्षाहून जास्त काळ ती बाजूलाच राहिली. भली मुलगी, मेहनती, सगळ्यांची मैत्रीण. टाळ्या मिळायच्या, पट्टा मिळायचा नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात ती एकामागून एक जिंकत आली आणि समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात तेव्हाची विजेती कार्मेला हिच्याविरुद्ध पट्ट्याची लढत तिनं मिळवली. मग त्या लढतीत शार्लटला घातलं गेलं. १९ ऑगस्टला ब्रुकलिनमध्ये शार्लटनं बेकीलाच पाडून पट्टा नेला. दोघी मैत्रिणी, त्यामुळे आधी मिठी झाली. मग बेकीनं तिला बदडून काढलं. लिहिणाऱ्यांच्या हिशेबानं त्या क्षणी बेकी खलनायिका झाली. सभागृह मात्र आनंदानं उसळलं. पुढच्या आठवड्यात बेकीनं प्रेक्षकांनाच खडसावलं की इतकी वर्षं तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिला नाहीत. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. कंपनीला शेवटी लोकांचं ऐकावं लागलं.

आमच्या नववी-दहावीच्या पोरींना हा प्रसंग मोबाइलवर दाखवला, तेव्हा एकीलाही समजावून सांगावं लागलं नाही. पाळी हिची, नंबर दुसरीचा, हे त्या घरी रोज पाहतात. भावाचं शिक्षण आधी, मग जमलं तर हिचं. एक जण म्हणाली, “मारलं तं बरोबरच केलं, मॅडम. किती दिवस हासून घ्याचं?” ब्रुकलिनच्या त्या सभागृहाला जे वाटलं, तेच तिला वाटलं. इतके दिवस त्या बाईकडून गोड वागणं हवं होतं; आता तिचा राग हवा होता. तो राग बेकीच्या मनात आधीपासून नसेल, असं मला तरी वाटत नाही.

नोव्हेंबरात, १२ तारखेच्या रॉ या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमात नाया जॅक्स या कुस्तीगिराचा ठोसा खराखुरा बसला. बेकीचं नाक फुटलं, मेंदूला धक्का बसला, रॉची तेव्हाची विजेती रोंडा राउझी हिच्याविरुद्धची ठरलेली लढत हातची गेली. जायच्या आधी ती प्रेक्षकांत उभी राहिली, चेहरा रक्तानं भरलेला, हात पसरलेले. हे कोणी लिहिलेलं नव्हतं. त्या एका दृश्यानं तिला जिथे नेऊन ठेवलं, तिथे कोणत्याही लेखकाला तिला नेता आलं नसतं. जानेवारी २०१९ मध्ये तिनं रॉयल रंबल ही अनेक जणींची एकत्र झुंज जिंकली आणि ७ एप्रिलला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर रेसलमेनिया ३५ या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, सर्वांत मोठी लढत पहिल्यांदाच बायकांनी खेळली. रोंडा, शार्लट आणि बेकी. बेकी जिंकली, दोन्ही पट्टे तिचे झाले. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. दुपारी घरी येऊन पाहिलं, निकाल कोणी सांगू नये म्हणून वाटेत कोणाशी बोलले नाही, आणि शेवटी रडले.

त्याच लढतीतल्या शार्लटकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. खरं तर अंगच्या कसबात त्या पिढीत तिच्याइतकी तयार बाई मला दुसरी दिसत नाही. उंच, लवचीक, खांबावरून मागे कोलांटी घेताना डोळ्यांचं पारणं फिटतं. बाप रिक फ्लेअर, सोळा वेळचा विजेता म्हणून ओळखला जाणारा. तिला पट्ट्यामागून पट्टे मिळत गेले आणि प्रत्येक पट्ट्यागणिक लोकांची माया आटत गेली. जपानच्या असुकाची ९१४ दिवसांची अपराजित घोडदौड २०१८ च्या रेसलमेनियाला तिनंच थांबवली. २०१९ च्या रेसलमेनियाला काही दिवस उरले असताना असुकाचा पट्टाही तिच्याच कमरेला बांधला. “थेले सगळंच भेटते,” आमच्या पोरी म्हणतात. हे सगळं तिला देणारे खोलीत बसलेले असतात, ते कोणाला दिसत नाहीत. हुर्यो झेलायला ती एकटी आखाड्यात असते.

इथे न्यायानं बोललं पाहिजे. फार जिंकणाऱ्या पुरुषालाही लोकांनी सोडलेलं नाही. जॉन सीनाला वर्षानुवर्षं अर्धं सभागृह नावं ठेवत होतं, रोमन रेन्सलाही ठेवली. म्हणून शार्लटवरचा सगळा राग ती बाई आहे म्हणून होता, असं मी म्हणणार नाही. पुढे काय झालं, तिथे मात्र मी अडखळते. डिसेंबर २०२३ मध्ये तिचा गुडघा गेला. वर्षभराहून जास्त काळानं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती परतली आणि आल्या आल्या रॉयल रंबल जिंकली. एप्रिलपर्यंत तीच जुनी हुर्यो. टिफनी स्ट्रॅटनकडून ती हरली तेव्हा लोक खूश झाले. मग तिची जोडी ॲलेक्सा ब्लिसशी जमवली. जराशी ओढूनताणून, रुसव्या-फुगव्यांची मैत्री. शार्लट गोंधळलेली दिसू लागली, कोणीतरी सोबत हवं असलेली दिसू लागली. काही महिन्यांत तेच लोक तिच्या नावानं ओरडू लागले. ऑगस्टच्या समरस्लॅमला दोघींनी जोडीचे पट्टे जिंकले, तेव्हा टाळ्या मनापासूनच्या होत्या.

मला आनंद झाला आणि त्रासही झाला. ती सर्वांत वरच्या पायरीवर, मान ताठ ठेवून उभी होती तेव्हा तिच्या कसबाला दाद देणं लोकांना जड गेलं. थोडी खाली आली, थोडी हळवी दिसली, की सोपं झालं. हा अनुभव कुस्तीपुरता नाही, हे मला गावात राहून कळतं. ग्रामपंचायतीत तडफेनं बोलणारी बाई “लय शहाणी” असते. तीच रडली की सगळे “बिचारी” म्हणत मदतीला धावतात.

आणि आता लिटा. या प्रश्नाचं माझं खरं उत्तर म्हणजे लिटा.

मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावात केबल नव्हती. ब्रह्मपुरीला काकांच्या घरी होती आणि तिथे टेन स्पोर्ट्स दिसायचं. सुट्ट्यांत सगळी चुलत भावंडं तिथे. भारनियमनाच्या वेळा सांभाळून कार्यक्रम पाहायचा. लाइट गेले तर पुढचं काय झालं यावर रात्रभर भांडायचं. लिटा सगळ्यांची लाडकी. लाल केस, ढगळ पँट, आणि सर्वांत वरच्या दोरावर चढून मागे उलटी उडी, मूनसॉल्ट. बाकीच्या बायकांना तेव्हा सुंदर दिसण्यासाठी ठेवलेलं असायचं, लढत तीन-चार मिनिटांत संपायची. लिटा मात्र पोरांसारखी झोकून द्यायची. २००२ मध्ये तिची मान मोडली होती, तिथून ती परतली होती. ६ डिसेंबर २००४ ला तिनं आणि ट्रिश स्ट्रॅटसनं रॉचा त्या रात्रीचा शेवटचा, मुख्य सामना एकमेकींविरुद्ध खेळला. दोराबाहेर झेप घेताना ती मानेवर पडली, आणि लढत तरीही तिनं पुरी केली, जिंकलीही. आमच्या घरी सगळे पोट्टे उभे राहून ओरडत होते.

पुढच्या काही महिन्यांत बातमी आली की मॅट हार्डी या कुस्तीगिराशी तिचं नातं असताना ती एज या दुसऱ्या कुस्तीगिराच्या प्रेमात पडली. हे कथेतलं नव्हतं, तिच्या आयुष्यातलं होतं. कंपनीनं मॅटला काढलं, मग लोकांच्या ओरड्यामुळे परत आणलं आणि तिघांचं खरं दुखणं उचलून कथेत घातलं. लिटा आखाड्यात आली की पूर्ण सभागृह तिला जे म्हणायचं, ते मी इथे लिहीत नाही. आमच्या बैठकीतही तेच सुरू झालं. काल जिच्या उडीसाठी उभे राहत होते, तिला आज ते शब्द वापरत होते, जे गावात नवरा सोडून माहेरी आलेल्या बाईसाठी वापरले जातात. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ते शब्द कोणासाठी असतात हे मला माहीत होतं. आमच्या गल्लीत अशी एक ताई होती.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुस्तीतलं काहीही कळायचं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “अन् त्या पोट्ट्याले काऊन काही म्हनून नाही रायले तुमी?”

कोणी उत्तर दिलं नाही. त्या पोट्ट्याचं, म्हणजे एजचं पुढे काय झालं ते सांगते. त्यालाही हुर्यो मिळत होती, पण खलनायकाला हुर्यो म्हणजे बढती. जानेवारी २००६ मध्ये तो पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य विजेता झाला. त्याचं नाव पुढे वाढतच गेलं, २०१२ मध्ये कंपनीच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्येही गेला. लिटा नोव्हेंबर २००६ मध्ये निवृत्त झाली. शेवटच्या लढतीत मिकी जेम्सकडून हरली आणि त्यानंतर तिच्या खासगी वस्तूंचा भर आखाड्यात लिलाव करण्याचा प्रसंग रचला गेला. इतकं देऊन गेलेल्या बाईचा हा निरोप. मी तो नंतर पाहिला. आजही पूर्ण पाहू शकत नाही.

मग वर्षं गेली. २०१४ मध्ये तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, लोकांनी मान दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती जेद्दाहला बेकी लिंचविरुद्ध पट्ट्यासाठी लढली. एका वर्षानं, २७ फेब्रुवारी २०२३ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी बेकीच्याच सोबतीनं तिनं जोडीचे पट्टे जिंकले. मूनसॉल्टसाठी ती दोरावर चढली की सभागृहाचा आवाज ऐका. त्यात २००५ चा मागमूस नाही.

लिटानं मधल्या काळात काय केलं की तिला माफी मिळाली? मला तरी तसं काही दिसत नाही. उडी तीच, केस तेच लाल. समोरची माणसं बदलली. २००५ मध्ये तिथे बसलेल्या गर्दीत ओरडणारे बहुतेक पोट्टे होते. २०२३ मध्ये लिटाला पाहून मोठ्या झालेल्या बाया प्रेक्षकांत होत्या आणि आखाड्यातही होत्या. आणि ओरडणाऱ्या त्या पोट्ट्यांच्या घरी आता मुली होत्या. माझा थोरला चुलत भाऊ त्यांतलाच. मागच्या दिवाळीत तो आपल्या मुलीला लिटाची उडी दाखवत होता, “पाय कशी उडते” म्हणत होता. मी विचारलं, “दादा, तवा तू काय म्हनत होता, आठवते?” तो म्हणाला, “तवा सगळेच म्हनत होते.” मुलीनं ती उडी पुन्हा लावायला सांगितली आणि विषय तिथेच संपला. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. पण तो उठून गेला नाही, मुलीजवळ बसून राहिला, हेही मी पाहिलं.

चायनाच्या वाट्याला एवढाही वेळ आला नाही. १९९७ मध्ये ती पुरुषांची अंगरक्षक म्हणून आली. जानेवारी १९९९ मध्ये रॉयल रंबलमध्ये उतरणारी ती पहिली बाई, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेफ जॅरेटला हरवून तिनं पुरुषांचा इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला. तरी लोक तिच्या खांद्यांवर, जबड्यावर बोलत राहिले. २००१ मध्ये ती कंपनीबाहेर गेली, एप्रिल २०१६ मध्ये वारली. २०१९ मध्ये तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही एका गटातली एक म्हणून. आज तिच्याबद्दल सगळे आदरानं बोलतात. आमच्या गोळाफेकीच्या पोरींना मी चायनाची लढत मुद्दाम दाखवते. रुंद खांद्यांच्या मुलीला “पोट्ट्यावानी दिसते” असं अजूनही घरचेच म्हणतात आणि आठवीनंतर ती मैदानावर यायची बंद होते. अशा मुली मी गमावल्या आहेत.

बेलीबद्दल लिहिताना मन हलकं होतं. लहानपणापासून कुस्तीची वेडी, बाजूला वेणी, येता-जाता सगळ्यांना मिठ्या. २२ ऑगस्ट २०१५ ला ब्रुकलिनमध्ये तिनं साशाला हरवलं. नंतर ऑक्टोबरातल्या त्यांच्या दुसऱ्या लढतीत साशानं पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीची, बेलीच्या चाहतीची, केसांची पट्टी हिसकावली. ती पोर खरोखर रडली. त्या रात्री बेलीवर प्रेम न करणारं माणूस शोधून सापडलं नसतं. दोन वर्षांत त्याच भाबडेपणाचा लोकांना कंटाळा आला. २०१७ मध्ये तिला नीट लढूही न देता हरवत गेले आणि दुखापत झालेली असतानाही लोकांनी तिची हुर्यो उडवली.

११ ऑक्टोबर २०१९ ला ती केस कापून आली, प्रवेशाच्या वेळी तिच्यामागे डोलणाऱ्या रंगीत हवेच्या बाहुल्या तिनंच फाडून टाकल्या आणि त्याच रात्री पट्टा घेतला. तो तिनं ३८० दिवस ठेवला. त्यातला मोठा काळ कोरोनाचा, समोर प्रेक्षकच नव्हते. रिकाम्या खुर्च्यांसमोर ती एकटी बोलायची, ओरडायची, समालोचकांशी भांडायची. मला वाटतं, मान्यतेची वाट पाहणं तिनं तेव्हाच सोडलं. जानेवारी २०२४ ची रंबल तिनं तासाभराहून जास्त टिकून जिंकली, फेब्रुवारीत तिच्याच गटानं तिला दगा दिला, आणि ७ एप्रिलला इयो स्कायला हरवून ती पुन्हा विजेती झाली. टाळ्या या वेळी वेगळ्या होत्या. २०१५ मध्ये लोक तिला जपत होते. २०२४ मध्ये तिला मानत होते. आमच्या पोरींत तिच्याएवढी लोकप्रिय दुसरी कोणी नाही.

एक चांगला बदलही सांगते. बेकीनं मे २०२० मध्ये आपण आई होणार असल्याचं सांगून पट्टा सोडला. २१ ऑगस्ट २०२१ ला ती अचानक परतली, लोक आनंदानं वेडे झाले, आणि तिनं बियांका बेलेअरला २६ सेकंदांत हरवलं. बियांका म्हणजे कमरेखाली पोचणाऱ्या वेणीचा चाबूक करणारी, त्याच एप्रिलमध्ये साशाला हरवून आलेली. आमच्या मुली एका क्षणात बेकीवर उलटल्या. तिच्या आईपणाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. लेकरू घरी ठेवून आली वगैरे कोणी म्हणालं नाही. बियांकावर अन्याय झाला, एवढाच मुद्दा होता. बियांकानं २ एप्रिल २०२२ ला बेकीला हरवून पट्टा मिळवला तेव्हा हिशेब चुकता झाला. बाईला तिच्या लढतीवरून तोललं जावं, एवढंच मागणं आहे माझं. इथे ते झालं.

कविता देवीच्या वेळी झालं नव्हतं. हरियाणाच्या जिंद जिल्ह्यातली ही मुलगी, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतली भारोत्तोलनाची सुवर्णपदकवाली. २०१७ मध्ये मे यंग क्लासिक या डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला स्पर्धेत डकोटा कायविरुद्ध सलवार-कमीज घालून उतरली आणि डब्ल्यूडब्ल्यूईत लढणारी पहिली भारतीय बाई झाली. गावात चौकाचौकात तो व्हिडिओ फिरला. “कुस्ती हे काय बायांचं काम आहे?” म्हणणारे आबाजीसुद्धा तिचं कौतुक करू लागले, पण कौतुक कपड्यांचं. तिनं समोरच्या बाईला डोक्यावर उचललं, त्या उचलण्यात किती वर्षांची मेहनत आहे, याबद्दल कोणी बोलेना. मी वर्गात त्या उचलण्यावरच अर्धा तास बोलले. पाय कुठे, कंबर कशी, श्वास कधी.

यानंतर हमखास दुसरा प्रश्न येतो, की पाहायला सुरुवात कुठून करू. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे हे नेटफ्लिक्सवर दिसतं. जुन्या लढतींचे तुकडे मोबाइलवर इतरत्रही मिळतात. आधी डिसेंबर २००४ ची ट्रिश आणि लिटाची लढत पाहा. मग बेली आणि साशा, ब्रुकलिन २०१५. मग त्याच सभागृहातली ऑगस्ट २०१८ ची तिघींची लढत, आणि ती संपल्यावर लगेच बंद करू नका. मिठीनंतरची दोन मिनिटं महत्त्वाची आहेत. आखाड्याकडे एक डोळा ठेवा आणि कान लोकांकडे. कोणत्या क्षणी आवाज उलटतो, ते तुमचं तुम्हाला कळेल. शेवटी २०२५ मधली शार्लट आणि ॲलेक्साची कोणतीही लढत पाहा आणि शार्लटबद्दल तुमचं मत काय झालं ते मला कळवा. आमच्या नववीच्या वर्गात त्यावर अजून एकमत नाही. बाकावरच्या दोन पोरी त्यापायी आठवडाभर एकमेकींशी बोललेल्या नाहीत.